परदेशाच्या उंबरठ्यावरचा एक प्रश्न

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता एका रविवारी, मिस्सा आटोपून मी चर्चच्या पडवीत उभा असताना, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण परिचारिका कागदांची जाड फाईल छातीशी धरून माझ्यापाशी आली. कॅनडातील कायमच्या वास्तव्यासाठी तिने अर्ज केला होता. बाकीचे सोपस्कार पुरे झाले होते, राहिली होती ती वैद्यकीय तपासणी. फाईलमधून एक कागद काढून तिने एका ओळीवर बोट ठेवले आणि खालच्या आवाजात विचारले, "फादर, इथं काय लिहू?"

ओळ साधीच होती. क्षयरोग, हृदयविकार, मधुमेह अशा नेहमीच्या यादीत मानसिक आजाराचाही उल्लेख होता. असा आजार पूर्वी कधी झाला होता काय, ह्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' ह्यांपैकी एका चौकटीत खूण करून द्यावयाचे होते.

तिला तो झाला होता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचे वडील गेले. दुष्काळाच्या त्या वर्षांत धाराशिव जिल्ह्यातील पुष्कळ शेतकरी जसे गेले, तसेच तेही गेले. पुढे काही महिन्यांनी तिची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, पुस्तक उघडले की अक्षरे दिसेनाशी होत. शिकविणाऱ्या एका बाईंनी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. दीड वर्ष गोळ्या चालल्या, ती बरी झाली, उत्तम गुणांनी पास झाली आणि त्यानंतर सहा वर्षे अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करीत आली. आईला तिने एवढेच सांगितले होते की अशक्तपणाच्या गोळ्या चालू आहेत. आता परदेशी पाठविणाऱ्या एजंटाचे म्हणणे, 'नाही'वर खूण करा आणि मोकळे व्हा. मामांचेही तेच म्हणणे.

मी म्हणालो, "खरे ते लिही, मुली. देव पाहून घेईल."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "देव बघेल, फादर. पण तिथला अधिकारी काय बघेल?"

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हे बोलणे प्रायश्चित्त संस्कारात झालेले नाही. ते येथे लिहिण्यास तिची संमती आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. तिच्या प्रश्नाने मला ग्रंथालयात नेले. परदेशाच्या उंबरठ्यावर माणसाच्या मनाची चौकशी केव्हापासून सुरू झाली, ती कोणत्या शब्दांत होत आली आणि ते शब्द कसे बदलत गेले, ह्याचा जो शोध मी यथाशक्ती घेतला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

गिरमिटाच्या कागदावरील ओळ

आपल्या देशातील लोकांना हा प्रश्न प्रथम भेटला तो गिरमिटाच्या काळात. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर जाऊ लागले. कोकण-देशावरील मराठी माणसेही त्यांत मुंबई बंदरातून गेली, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपले मराठीपण जपून आहेत. पुढे नाताळ, त्रिनिदाद, ब्रिटिश गियाना, आणि १८७९ पासून फिजी, असा हा प्रवाह वाहत राहिला. जहाजावर चढण्यापूर्वी मजुरांना बंदरावरील डेपोत ठेवीत आणि डॉक्टर त्यांची तपासणी करीत. फिजीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या परवान्यावर डॉक्टरांचा एक छापील दाखला असे. हा इसम शरीराच्या व मनाच्या सर्व रोगांपासून मुक्त आहे आणि त्याला देवी टोचलेल्या आहेत, असा त्याचा आशय होता.

मनाच्या सर्व रोगांपासून मुक्त! डेपोत शेकडो माणसे, प्रत्येकाची भाषा निराळी; मनाची परीक्षा कशी होत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. मजुराला कोणी काही विचारीत नसे आणि त्यानेही काही सांगावे अशी अपेक्षा नसे. तो ऊस तोडण्याजोगा आहे, एवढाच त्या दाखल्याचा खरा अर्थ. फिजीत १८८४ साली सुवा येथे वेड्यांचे इस्पितळ उघडले आणि त्यात हे दाखलेधारक हिंदी मजूरही दाखल होऊ लागले. दीनबंधू अँड्र्यूज आणि पिअर्सन ह्यांनी १९१६ साली फिजीतील मजुरांच्या स्थितीवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात मळ्यांवरील आत्महत्यांच्या भयावह प्रमाणाकडे लक्ष वेधलेले आहे. माणूस बंदरावर मनाने धडधाकट ठरतो आणि मळ्यावर त्याचे मन मोडते, तेव्हा दोष मनाचा की मळ्याचा, हा प्रश्न त्या दाखल्याच्या चौकटीत बसणारा नव्हता.

खडूची फुली

गिरमिटाच्या देशांना हात हवे होते, म्हणून तेथे तपासणी वरवरची. ज्या देशांना आपली प्रजा 'निवडून' घ्यावयाची होती, तेथे ती कठोर होत गेली. अमेरिकेने १८८२ च्या कायद्यात वेडसर व जडबुद्धी माणसांना प्रवेश बंद केला, आणि १८९१ पासून येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली व इंग्लंडने १९०५ साली अशाच तरतुदी केल्या.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९०३ हे होय. त्या वर्षीच्या अमेरिकन कायद्याने आजच्या आजाराबरोबर कालच्या आजाराचीही चौकशी सुरू केली. गेल्या पाच वर्षांत ज्याला वेड लागले होते, किंवा आयुष्यात केव्हाही ज्याला वेडाचे दोन झटके येऊन गेले, तो आज बरा असला तरी त्याला दार बंद. १९१७ साली ही अट आणखी आवळली गेली आणि आयुष्यातील एकच झटका पुरेसा ठरला. त्या काळी उत्तम वंश आणि हीन वंश ह्यांविषयीच्या कल्पना विज्ञानाच्या नावाने मिरवीत होत्या. वेड हे रक्तातून उतरते, म्हणून ज्याच्या मनाला एकदा तडा गेला त्याचे रक्तच नासके, असा तो हिशेब होता. कॅनडाच्या १९१० च्या कायद्यातही पाच वर्षांची अट होती. १९५२ च्या कायद्यात तर कायमचे राहावयास येणाऱ्यासाठी 'आयुष्यात केव्हाही' असे शब्द आले.

न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर १८९२ ते १९५४ ह्या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसे उतरली. गाठोडी घेऊन जिना चढणाऱ्या ह्या रांगांकडे डॉक्टर काही सेकंदच पाहत आणि संशय येईल त्याच्या कपड्यावर खडूने अक्षर काढीत. हृदयविकाराचे अक्षर निराळे, लंगडेपणाचे निराळे. मनाविषयी संशय आला तर फुली. फुली पडलेल्या माणसाला बाजूच्या खोलीत नेऊन प्रश्न विचारीत, आकडेमोड करावयास लावीत. कधी शाळेचे तोंड न पाहिलेला सिसिलीचा शेतकरी त्या प्रश्नांनी गांगरला नाही तरच नवल. तेथील डॉक्टर हॉवर्ड नॉक्स ह्यांना ह्यातील अन्याय जाणवला, आणि त्यांनी १९१२ नंतरच्या काही वर्षांत लाकडी ठोकळ्यांच्या, भाषा न लागणाऱ्या चाचण्या तयार केल्या. पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला ग्वार्डिया १९०७ ते १९१० ह्या काळात ह्या बेटावर दुभाष्याचे काम करीत होते. मनोविकाराच्या कारणावरून जी माणसे परत धाडली गेली, त्यांतील निम्म्याहून अधिकांवर अन्यायच झाला, असे मत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे.

आपल्या लोकांना ह्या फुलीची झळ तेव्हा फारशी लागली नाही, कारण त्यांच्यासाठी दार वर्णावरूनच बंद होते. १९०८ पासून कॅनडाने आणि १९१७ पासून अमेरिकेने हिंदी लोकांची वाट जवळजवळ अडविली होती. ती खऱ्या अर्थाने मोकळी झाली १९६० नंतरच्या दशकात. म्हणजे आपल्याकडील डॉक्टर, अभियंते, परिचारिका मोठ्या संख्येने निघाल्या, तेव्हा रंगाचा अडसर निघाला होता, पण मनाविषयीचा जुना प्रश्न कायद्यात तसाच होता. 'सांगू नका, नाही म्हणा' ही एजंटांची आणि मामांची शिकवण आकाशातून पडलेली नाही. सांगणाऱ्याला खरोखरच परत पाठविले जात होते. भीतीला इतिहास आहे, आणि तो न जाणता कोणाला भित्रा म्हणणे हा अन्याय होईल.

आपल्या घरातील कायदा

दुसऱ्यांचे कायदे वाचताना मला आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्याची आठवण झाली. सेमिनरीत असताना तो मी परीक्षेपुरता वाचला होता. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनन कायद्याच्या संहितेत, म्हणजे अमेरिकेचा तो कठोर कायदा झाला त्याच वर्षीच्या, ९८४ वे कलम आहे. ज्यांना फेफरे, वेड किंवा भूतबाधा आहे 'अथवा होती', ते धर्मगुरुपदास अपात्र, असे ते सांगते. आहे अथवा होती! सागराच्या ह्या तीरावर आणि त्या तीरावर, राज्याच्या दारात आणि वेदीच्या पायरीशी, त्या वर्षी एकच प्रश्न विचारला जात होता.

ह्याच ख्रिस्तसभेने १६९० साली जॉन ऑफ गॉड ह्यांना संतपद दिले होते, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. हा पोर्तुगालमध्ये जन्मलेला, स्पेनमध्ये पोट भरावयास गेलेला उपरा माणूस. ग्रानाडा शहरात एक प्रवचन ऐकून त्याचे भान हरपले. लोकांनी त्याला वेडा ठरवून इस्पितळात कोंडले, आणि त्या काळच्या उपचाराप्रमाणे चाबकाचे फटके दिले. तो बाहेर आला आणि त्याच शहरात त्याने रोग्यांसाठी घर उघडले. त्याच्या नावाचा संघ आजही अनेक देशांत मनोरुग्णांची सेवा करीत आहे. १९१७ चे कलम त्या काळी असते आणि त्याने धर्मगुरुपदासाठी अर्ज केला असता, तर 'होती' ह्या एका शब्दावर तो परत फिरविला गेला असता.

आणि आता माझे स्वतःचे सांगतो. मी सेमिनरीत प्रवेश घेतला तेव्हा १९१७ ची संहिता जाऊन नवी आलेली होती. तरीही प्रवेशाच्या वेळी मला विचारले गेले की घराण्यात कोणाला मानसिक आजार आहे काय. माझे थोरले चुलते तीन वर्षे सरकारी मनोरुग्णालयात होते. मी 'नाही' असे लिहिले. कोणी मला तसे करावयास सांगितले नव्हते, मी भ्यालो. त्या 'नाही'मुळे माझे काही अडले नाही. परंतु पुढे चुलते वारले तेव्हा, आपण ज्यांचे अस्तित्वच नाकारले त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावी असे सोबत्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी एकट्याने, मनातल्या मनात प्रार्थना केली. पडवीत उभे राहून त्या मुलीला 'खरे ते लिही' असे सहज सांगणारा माणूस हाच होता.

शब्द कसे बदलले

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भाषा हळूहळू बदलली. फेफऱ्यावर औषधे निघाली, नैराश्यावर निघाली. बरी झालेली माणसे कामावर परतलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. अमेरिकेने १९६५ साली अपस्माराची अट काढली. कॅनडाच्या १९७६ च्या कायद्याने, जो १९७८ साली अमलात आला, रोगांच्या नावांची यादीच रद्द केली. ह्या माणसापासून इतरांच्या आरोग्याला वा सुरक्षिततेला धोका आहे काय, आणि सार्वजनिक आरोग्यसेवेवर त्याचा अवाजवी भार पडेल काय, असे दोनच प्रश्न ठेवले. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने 'वेडाचा झटका' हे शब्द पुसून टाकले. केवळ आजाराचे नाव पुरेसे नाही, त्या आजारातून इजा करणारे वर्तन आज घडत आहे काय, किंवा पूर्वी घडले असल्यास पुन्हा घडण्याचा संभव आहे काय, हे आता पाहावे लागते.

ख्रिस्तसभेतही हेच घडले. १९८३ च्या नव्या संहितेच्या १०४१ व्या कलमातून 'होती' हा शब्द गेला. मानसिक विकारामुळे हा मनुष्य सेवाकार्य नीट करू शकणार नाही, असे तज्ज्ञांचा सल्ला घेऊन ठरले तरच तो अपात्र. फेफऱ्याचा आणि भूतबाधेचा उल्लेखही गळाला. त्याच संहितेच्या २२० व्या कलमाने प्रत्येकाचा आपला खासगीपणा राखण्याचा हक्क मान्य केला. मानसशास्त्रीय चाचणी उमेदवाराच्या जाणत्या संमतीनेच व्हावी, असे रोमने २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले.

आपल्या देशात १८५८ चा 'ल्युनॅटिक असायलम' कायदा, १९१२ चा 'ल्युनसी' कायदा, १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा पायऱ्या चढत आपण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यापर्यंत आलो. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. पूर्वी उपचार झाले होते किंवा रुग्णालयात राहावे लागले होते, एवढ्यावरून आज वा उद्या कोणाला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते. त्याच कायद्याने रुग्णाला आपल्या माहितीच्या गुप्ततेचा आणि आपली वैद्यकीय कागदपत्रे मिळविण्याचा हक्क दिला आहे. हिंदू विवाह कायद्यातूनही अपस्माराचा अडसर १९९९ साली निघाला. तात्पर्य, 'तुला कधी काही झाले होते काय' ह्या प्रश्नाच्या जागी 'आज तुझे कसे आहे' हा प्रश्न यावयास जवळजवळ एक शतक लागले.

कागदावर न उमटलेले दुखणे

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. जुन्या निझामी राज्यातील वेड्यांचे इस्पितळ एके काळी जालन्यास होते. १९५३ साली ते हैदराबादेस एर्रागड्डा येथे हलविले गेले. तीन वर्षांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ते इस्पितळ परराज्यात राहिले. महाराष्ट्राची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. धाराशिवच्या खेड्यातील माणसाचे मन बिघडले तर त्याला कोठे न्यावे? कोणी देवीच्या दारी नेले, कोणी दर्ग्यावर, कोणी आमच्याकडे हात ठेवून प्रार्थना करावी म्हणून आणले. अंगात आले म्हणावे, बाहेरचे आहे म्हणावे, आणि साखळीने खांबाला बांधावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. गावेच्या गावे नव्या जागी वसविली गेली. दगडमातीखालून निघालेल्यांच्या मनाला काय झाले, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला तो तेव्हा. पुण्याहून मनोविकारतज्ज्ञांची पथके आली, त्यांनी गावोगाव बसून लोकांचे ऐकून घेतले. पुढे दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या ह्यांनी तोच प्रश्न पुन्हा उभा केला. २०१५ साली शासनाने उस्मानाबाद व यवतमाळ ह्या जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प आला आणि आशाताई घरोघर जाऊन झोपेची, भुकेची, उदासीची विचारपूस करू लागल्या.

ह्यातून एक विलक्षण गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्याला मांत्रिकाकडे नेले, त्याच्या दुखण्याची कोठे नोंद नाही. उद्या तो परदेशी निघाला तर निर्धास्तपणे 'नाही' लिहील, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असेल. ज्या मुलीने वेळीच डॉक्टर गाठला, औषध नेमाने घेतले आणि बरी झाली, तिच्यावर मात्र 'होय' लिहिण्याची पाळी. शहाणपणाने वागणाऱ्यालाच हा प्रश्न जड जातो. म्हणूनच चौकटीतल्या 'होय'कडे कलंक म्हणून पाहणे चुकीचे आहे. तिने उपचार घेतले, ह्याचीच ती नोंद आहे.

मग काय लिहावे?

त्या मुलीला मी नंतर बोलावले आणि जे समजले ते सांगितले. इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका ह्या देशांच्या आजच्या नियमांत जुन्या, उपचाराने आटोक्यात आलेल्या नैराश्याच्या नोंदीवरून सहसा नकार येत नाही. कॅनडाने 'अवाजवी भारा'ची खर्चमर्यादा २०१८ साली तिपटीने वाढविली. तपासणारा डॉक्टर अधिक विचारतो ते उपचार केव्हा संपले, आज औषध चालू आहे काय, काम नीट होते काय, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रसंग कधी आला होता काय. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांचे सविस्तर पत्र सोबत असेल तर पुष्कळ शंका तेथेच फिटतात.

उलट खोटे उत्तर उघडकीस आले तर त्याची शिक्षा आजाराहून जड आहे. कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते. ऑस्ट्रेलियाचे तीन वर्षे. अमेरिकेत तर, खास माफी मिळाली नाही तर, जन्मभर. तेथे गेल्यावर पुन्हा आजारी पडल्यास जुना इतिहास डॉक्टरांना सांगण्याचीही चोरी होते, आणि हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. परक्या देशात, एकाकी हिवाळ्यात, ज्या क्षणी मदत मागावयाची त्याच क्षणी जुने 'नाही' तोंडावर हात ठेवते.

मी तिला सर्वच गोड सांगितले नाही. सगळे देश एका मापाचे नाहीत. आखाती देशांच्या तपासणीत मनोविकार हा आजही अपात्रतेच्या यादीत आहे. चांगला कायदा असूनही अधिकारी जुन्या मनाने वागू शकतो. २०१३ साली टोरोंटोच्या एका महिलेला तिच्या आदल्या वर्षीच्या नैराश्याच्या उपचारांवरून अमेरिकन अधिकाऱ्याने विमानतळावरूनच परत धाडले. तिने त्याला काही सांगितलेले नव्हते. माहिती सरकारी नोंदींतून पोहोचली होती. ओंटारियोच्या खासगीपणा आयुक्त अॅन कावोकियन ह्यांनी चौकशी करून २०१४ साली पोलिसांच्या ह्या नोंदपद्धतीवर कडक टीका केली, आणि पुढे टोरोंटोच्या पोलिसांना आपली रीत बदलावी लागली. तेव्हा अन्याय होऊ शकतो. झालाच तर दाद मागण्यासाठी खरे बोललेले असणे उपयोगी पडते.

राहिला विवेकाचा प्रश्न. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की असत्य बोलू नये. परंतु सत्य जाणण्याचा ज्याला हक्क नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्याचेही बंधन नाही. म्हणून एजंटाला, शेजाऱ्याला, सोयरिकीच्या मध्यस्थाला, एवढेच काय पण धर्मग्रामाच्या फादरलाही आपली फाईल उघडून दाखविण्याची गरज नाही. कायद्याने नेमलेला डॉक्टर विचारतो तेव्हा मात्र त्याला उत्तर द्यावे, आणि जेवढे विचारले तेवढे नीट द्यावे. गप्प राहणे आणि खोटे बोलणे ह्यांतील हा भेद मला तरुणपणी कळला असता, तर चुलत्यांची आठवण मी एवढी वर्षे चोरून बाळगली नसती.

तिने 'होय'च्या चौकटीत खूण केली. मनोविकारतज्ज्ञांचे पत्र आणण्यासाठी ती ज्या दिवशी गेली, त्या दिवशी आईला बरोबर घेऊन गेली. आई मला नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "फादर, पोरगी दीड वरीस एकटीच सोसत हुती, आन् मी तिला रोज म्हनायची, जेवत का न्हाईस गं." पुढे तिला बोलवेना.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी पत्र वाचले, पाच-सात प्रश्न विचारले, रात्रपाळी झेपते का हेही विचारले, आणि पुढच्या कागदाकडे वळले. अर्जाचा निकाल हा लेख लिहीपर्यंत आलेला नाही. तो काय येईल हे मी सांगू शकत नाही, आणि आता ती मला विचारीतही नाही. येत्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वेदीवर वाचावयाच्या नावांची यादी मी नुकतीच तयार केली. तिच्या वडिलांचे नाव तिच्या आईने लिहून दिले आहे. त्याखाली माझ्या थोरल्या चुलत्यांचे नाव मी माझ्या हाताने लिहिले.